दहावीच्या बॅचची स्मरणिका: छापायला देण्याआधी काय बघावं?

प्रश्न: तालुक्याच्या गावातली शाळा, ५२ जणांची बॅच. स्नेहमेळाव्यात वाटायला स्मरणिका करतोय. मजकूर ५० पानांचा झालाय. जुने फोटो कसे घ्यायचे?

उत्तर १: मधोमध पिना मारणार असाल तर पानं ४ च्या पटीत लागतात. म्हणजे ५२ करा. उरलेली २ पानं सह्यांसाठी कोरी ठेवा. तिथे आर्ट पेपर (गुळगुळीत, चकचकीत कागद) नको, शाई पसरते.

उत्तर २: फोटोचा मोबाइलवर फोटो काढू नका, चमक येते. ग्रुप फोटो ६०० डीपीआयवर (एका इंचात ६०० ठिपके) स्कॅन करा; दुप्पट मोठा केला तरी छपाईला लागणारे ३०० उरतात. व्हॉट्सअ‍ॅपवर ‘डॉक्युमेंट’ म्हणूनच पाठवा, नाहीतर चेहऱ्यांचे ठिपके होतात. अल्बमला चिकटलेला फोटो ओढू नका, पानासकट स्कॅन करा.

उत्तर ३: प्रेसवाला युनिकोड मजकूर (मोबाइल-कॉम्प्युटरवर नेहमी टाइप करतो तो) जुन्या फॉन्टमध्ये बदलणार असेल तर प्रूफात (छपाईआधी तपासायला देतात त्या प्रतीत) रफार आणि ‘ऱ्या’ आधी बघा. ‘दुसऱ्या’, ‘वर्ग’ हमखास मोडतात. आणि नावं हजेरीपटाच्या क्रमाने लावा; मुलींची माहेरची आडनावं आधी, सासरची कंसात. नाहीतर फोटोत कोण कुठली, कुणालाच कळत नाही!

प्रश्नकर्ता: सह्यांच्या पानांचं डोक्यातच नव्हतं. घेतो.