हर्षाच्या आधी दुर्गा

'भारतातली पहिली टेस्ट ट्यूब बेबी हर्षा, १९८६, मुंबईचं केईएम रुग्णालय' असं नेहमी सांगितलं जातं. तो प्रयोग करणाऱ्या डॉ. इंदिरा हिंदुजांचं काम मोठंच, पण ३ ऑक्टोबर १९७८ ला कोलकात्यात डॉ. सुभाष मुखर्जींच्या प्रयोगातून दुर्गा जन्मली होती. गर्भ गोठवून ठेवून नंतरच्या पाळीचक्रात गर्भाशयात सोडला होता, त्या काळात! सरकारी समितीनं खोटं ठरवलं. १९८१ मध्ये त्यांनी आत्महत्या केली. पुढे हर्षाच्याच प्रयोगातले डॉ. आनंद कुमार यांनी नोंदी वाचून पहिला मान मुखर्जींना दिला. (एवढं मन कुणाचं असतं?)

आमच्या बीडकडं मात्र गाडी त्याआधीच, गरोदरपणातल्या साध्या काळजीवरच अडते. ऊसतोडीच्या कामात नवरा-बायको मिळून एक 'कोयता', म्हणजे एकच जोडी धरतात, त्यामुळं दिवस गेलेली बाईही टोळीबरोबर निघते. गरोदरपणाची नोंदणी गावच्या आशाताईकडं (गावातली आरोग्य कार्यकर्ती), बाई उसाच्या फडात. लोह-फॉलिक ॲसिडच्या १८० गोळ्या तिला तिथं कोण देणार?