ईटीपीच्या टाकीवर पत्रा टाकू की फायबर?

मासळी_ईटीपी, रत्नागिरी:
मासळी प्रोसेसिंगच्या कारखान्यात ईटीपी, म्हणजे सांडपाणी शुद्ध करायचा प्लांट, बघतो. सांडपाणी आधी जिथे साठवून एकसारखं करतात ती इक्वलायझेशन टाकी उघडी आहे. दुपारी खारा वारा सुटला की सडक्या अंड्यांसारखा वास थेट वरच्या वाडीत जातो. परवा शेजारच्या काकी पडवीतून जेवणाचं ताट उचलून आत गेल्या. मला फार लाज वाटली. मालक म्हणतात, जीआय (जस्त चढवलेला लोखंडी) पत्रा टाक. चालेल का?

फिटर_चिपळूण:
पत्रा नको रे. आमच्याकडे दोन पावसाळ्यांत चाळण झाली. एफआरपीची, म्हणजे फायबरची झाकणं घे, बोल्ट एसएस 316 (स्टेनलेस स्टील) चे.

जुना_ऑपरेटर:
फायबर बरोबर आहे, पण नुसतं झाकलंस तर घात होईल. मासळीच्या पाण्यात समुद्राचं खारं पाणी असतं, आणि त्यात लिटरमागे साधारण 2.7 ग्रॅम सल्फेट. पाणी तुंबलं की त्या सल्फेटचा हायड्रोजन सल्फाइड होतो, तोच सडक्या अंड्यांच्या वासाचा विषारी गॅस. झाकणाखाली तो कोंडतो, ओल्या भिंतीवर जिवाणू त्याचं गंधकाम्ल करतात. आमच्या टाकीत पाण्याच्या वरचं काँक्रीट स्क्रू-ड्रायव्हरने भिजल्या खडूसारखं निघायचं. आतून एपॉक्सी लावून घे.

झाकणाखालची हवा ब्लोअरने ओढायची, म्हणजे फटीतून हवा आत जाते, बाहेर येत नाही. खाली डिफ्यूजर (पाण्यात हवा सोडणारे) असतील तर ते जेवढी हवा सोडतात त्यापेक्षा जास्त ओढायला हवी, नाहीतर फटीतून वास येणारच. ओढलेली हवा बायोफिल्टरमधून सोड, त्यातले जिवाणू वासाचा गॅस खातात. आम्ही चिऱ्यांचा हौद बांधून आतून फायबर लावलं, तळाला भोकाचे पाइप, वर नारळाच्या सोडणांचे तुकडे आणि कंपोस्ट. रोज पाणी मारायचं. सुकलं की काम थांबतं. तळाचं आंबट पाणी परत ईटीपीतच घ्यायचं.

आणि बाबा, टाकीत कोणाला उतरू देऊ नकोस. हवेत हा गॅस 100 पीपीएमच्या (दहा लाख भागांत 100 भाग) आसपास गेला की नाकच बधिर होतं. वास गेला म्हणजे गॅस गेला असं नाही. पडलेला पाना काढायला उतरलेला आमचा एक पोरगा परत वर आला नाही. एकवीस वर्षांचा होता.

मासळी_ईटीपी, रत्नागिरी:
काका, वाचून हात थांबला. झाकणातलं उघडायचं दार, हॅच, पंपाच्या बरोबर वर ठेवतो. पंप साखळीने वर ओढू, उतरायला नकोच.

जुना_ऑपरेटर:
हेच कर. साखळीही एसएसची घे. हॅच उघडायच्या आधी गॅस मीटर दोरीला बांधून आत सोड, वारा ज्या बाजूने येतो त्या बाजूला उभा राहा.