जिम्नीच्या मागच्या दारावर किती वजन टांगावं? स्टेपनी, पेट्रोलचा कॅन आणि फार्म जॅक

जांबोटी_जिम्नी
नमस्कार मंडळी. गाडी पाच दारांची जिम्नी (मारुतीची छोटी फोर-बाय-फोर), पासिंग केए २२. रोजची धाव बेळगाव–खानापूर. शनिवार-रविवार जांबोटी, कणकुंबी, चोर्ला आणि खानापूरकडचे जंगलातले कच्चे रस्ते. मूळ १९५/८० आर१५ काढून २३५/७५ आर१५ मड टायर घातलेत, स्टेपनीसुद्धा तीच. आता मागच्या दारावर स्टेपनीच्या शेजारी २० लिटरचा लोखंडी कॅन, ४८ इंची फार्म जॅक (उंच दांड्याचा, हातानं चढवायचा जॅक) आणि एक घडीचं टेबल बसवायचं आहे. ब्रॅकेट तयार मिळतात, विकणारा म्हणतो "काही होत नाही". दार आत्ताच बंद करताना थोडं उचलावं लागतं. बिजागऱ्या मजबूत करून भागेल, की बंपरवरून फिरणारा कॅरिअर (दाराऐवजी बंपरवर बसणारा, बाजूला उघडणारा सांगाडा) करून घ्यावा?

तराजू_निपाणी
दार आत्ताच उचलावं लागतंय ना? मग उत्तर तिथंच मिळालं. आणखी काही टांगायच्या आधी ते निस्तरा.

आकडे मांडू. मूळ चाक रिमसकट १९ किलोच्या आसपास, तुमचं मड टायरचं २७ धरा. कॅन रिकामा ४ किलो, त्यात २० लिटर पेट्रोल म्हणजे १५ किलो. फार्म जॅक १३. टेबल आणि ब्रॅकेट मिळून ७. बेरीज ६६ किलो. कंपनीनं दार १९ किलोच्या हिशेबानं दिलंय.

बिजागरीला नुसतं वजन कळत नाही, अंतरही कळतं. समजा दोन बिजागऱ्यांत ४० सेंमी अंतर आहे आणि चाकाचा मध्य बिजागरीपासून ५० सेंमीवर. मूळ चाकानं वरच्या बिजागरीवर १९ × ५० ÷ ४० = २४ किलोची ओढ पडते. तुमचे ६६ किलो सरासरी ५५ सेंमीवर धरले तर ९१ किलो. जवळजवळ चौपट, आणि तेही गाडी उभी असताना. खड्ड्यात चाक आपटलं की तिप्पट धरायची पद्धत आहे, म्हणजे पावणेतीनशेच्या घरात. तुमच्या गाडीवर ही दोन्ही अंतरं टेपनं मोजा आणि आकडे घालून बघा.

दुसरी ओढ बाहेरच्या दिशेची. २३५ चं टायर १९५ पेक्षा ४० मिमी रुंद, म्हणजे चाकाचा मध्य २० मिमी बाहेर सरकला. त्याच्याही बाहेर कॅन आला की चाकाच्या ब्रॅकेटचे वरचे बोल्ट ओढले जातात, खालचे दाबले जातात. म्हणून पत्र्याला चीर जाते ती वरच्या बोल्टाच्या कोपऱ्यातून. आधी रंगात केसाएवढी रेघ दिसते आणि पावसाळ्यात तिच्यातून गंजाचा ओघळ उतरतो. धूळ समजून पुसून टाकू नका, नखानं खरवडून बघा.

व्यासही ४० मिमीनं वाढलाय. दार उघडताना टायर बंपरला घासत असेल तर चाक वर घेणारा ब्रॅकेट लागतो, आणि चाक वर गेलं की आरशातून मागचं दिसणं कमी होतं.

आता एक सरळ प्रश्न. फार्म जॅक लावणार कुठं? मूळ बंपर प्लास्टिकचे आहेत, त्यांना तो लावला तर बंपर हातात येईल. लोखंडी बंपर किंवा रॉक स्लायडर (दारांखालचे जाड लोखंडी पाइप) नसताना तो जॅक म्हणजे १३ किलोचं शोभेचं लोखंड. ३ टनी बॉटल जॅक आणि ३० × ३० सेंमीची जाड फळी घ्या. चिखलात तळ रुतत नाही आणि सगळं मिळून सहा-सात किलोत भागतं.

उद्यमबाग_लेथ
वरचा हिशेब बरोबर हाय. बिजागरी मजबूत करायचे जे किट मिळतात त्यांत दोन जाती असतात, दोन्ही एकाच नावानं विकतात, घोळ तिथंच होतो.

पहिल्या जातीत आतल्या बाजूनं जाड पट्टी येते आणि बोल्टाचा भार पत्र्यावर पसरते. चीर जायला वेळ लागतो, पण बिजागरीची पिन तीच, बुशही (पिनभोवतीची नळी) तोच. दुसऱ्या जातीत चाकाचा सांगाडा थेट बिजागरीच्या बोल्टांवर बसतो. दाराचा पत्रा मोकळा होतो, पण सगळा भार बिजागरीवर आणि ती जिथं बॉडीला बसते त्या खांबावर जातो. जड चाकापुरतं दुसरं किट चांगलं. कॅन आणि जॅकसाठी दोन्ही नकोत. आणि दाराच्या बाहेरच्या पत्र्यात रिव्हनट (भोकात दाबून बसवायचा नट) मारून काही अडकवू नका. तो पत्रा मिलिमीटरभरसुद्धा जाड नसतो, रिव्हनट गरगर फिरायला लागला की भोकाची कड फाटते.

बोल्ट ८.८ ग्रेडचेच घ्या. टॉर्क ढोबळमानानं एम८ ला २५ न्यूटन मीटर, एम१० ला ५०. "गच्च आवळलंय" म्हणणाऱ्याच्या हातात लांब पाना असतो आणि आतला वेल्ड नट सुटून फिरायला लागतो. मग अस्तर काढल्याशिवाय इलाज नाही.

फिरणारा कॅरिअर करणार असाल तर ह्या गोष्टी कारागिरासमोर उभं राहून करून घ्या. फिरता दांडा नुसत्या पाइपात पाइप घालून नको, सहा महिन्यांत खुळखुळतो. ट्रॉलीच्या स्टब अॅक्सलसारखी (चाक ज्यावर फिरतं तो आखूड दांडा) रचना पाहिजे: समोरासमोर दोन टेपर रोलर बेअरिंग, वरखाली सील, ग्रीस निपल. हाउसिंग आधी बंपरला वेल्ड करायचं, वेल्ड करताना आत डमी शाफ्ट ठेवायचा. नाहीतर उष्णतेनं भोक अंड्यासारखं होतं आणि बेअरिंग वाकडं बसतं. चासीला वेल्डिंग अजिबात नाही, असलेल्या भोकांतून एम१२ बोल्ट, ८५ न्यूटन मीटर. बंपर गाडीवर ठेवून वेल्ड करणार असतील तर बॅटरीची निगेटिव्ह वायर आधी काढा.

सगळ्यात जास्त विसरतात ती बंद बाजूची बैठक. कॅरिअरचा आडवा हात बंद झाला की त्याचं टोक थोडं वर चढून नायलॉनच्या उतरत्या तुकड्यावर टेकलं पाहिजे. म्हणजे भार दोन्ही टोकांना वाटला जातो. नुसता क्लॅम्प असेल तर धावत्या गाडीत पूर्ण वजन एका बेअरिंगवर लोंबत राहतं. क्लॅम्पशिवाय वेगळी लॉक पिन हवीच, आणि उघडा हात ९० अंशांवर थांबवणारी दुसरी पिन. घाटात गाडीचं तोंड उताराकडं करून उभी केली तर असला जड हात माणसाला आडवा करतो.

जिम्नीचे मागचे दिवे बंपरमध्येच असतात हे लक्षात ठेवा. लोखंडी बंपरात त्यांची जागा नीट कापून घ्यावी लागते, आणि कॅरिअरचा हात त्यांच्यावरून आडवा जाता कामा नये. नंबरप्लेटचंही तसंच. गळीत हंगामात निपाणी-चिकोडीच्या रस्त्यावर बिनदिव्याच्या ऊसट्रॉल्यांना आपण शिव्या घालतो, तशा आपल्याला कुणी घालायला नकोत.

तराजू_निपाणी
कॅरिअरच्या वजनाबद्दल भर. ५० × ५० × ३ मिमी चौकोनी पाइप मीटरला सव्वाचार-साडेचार किलो भरतो. बंपर, हात, हाउसिंग धरून ४० किलो सहज होतात. जिम्नीचं रिकामं वजन सुमारे १२०० किलो, कमाल वजन १५४५. हातात राहतात ३४५. सत्तर किलोची चार माणसं बसली की उरले ६५. त्यातले ४० कॅरिअरनंच खाल्ले, सामानाला २५ राहिले.

शिवाय मागच्या अॅक्सलच्या मागं ९० सेंमीवर ६० किलो वाढवले तर व्हीलबेस (पुढच्या-मागच्या चाकांतलं अंतर) २५९० मिमी असल्यानं पुढच्या चाकांवरचे २१ किलो उचलले जातात आणि मागच्या अॅक्सलवर ८१ पडतात. चोर्ल्याच्या ओल्या वळणात स्टिअरिंग हलकं लागायला लागलं तर कारण हेच.

सीमेवरचा_वाटाड्या
कॅनबद्दल. टाकी ४० लिटरची. लिटरला १२ धरले तरी ४८० किलोमीटर. बेळगाव ते पणजी चोर्ल्यातून सव्वाशेच्या आत. कॅन लागतो कशाला? खानापूरच्या जंगलात दिवसभर लो रेंजमध्ये (फोर-बाय-फोरच्या हळू, जास्त ताकदीच्या गिअरमध्ये) फिरलात तरी सकाळी टाकी फुल्ल करून निघालेलं पुरतं.

तरी न्यायचाच असेल तर पेट्रोलियम कायद्यात विनापरवाना ३० लिटरपर्यंत पेट्रोल बाळगता येतं, विक्रीसाठी नाही, आणि धातूचं भांडं २५ लिटरपेक्षा मोठं नको. पण मुभा आहे म्हणून ते दारावर टांगू नये. मागून कुणी धडकलं तर पहिला मार कॅनला. पाण्याचा कॅन टांगायचा तर तो आणखी जड, २० लिटर म्हणजे २० किलो.

कॅन भरताना गाडीतून खाली, जमिनीवर ठेवून भरा आणि १९ लिटरवर थांबा. उन्हात पेट्रोल फुगतं.

बदल करण्याआधी आरटीओत विचारून घ्या. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीतल्या बदलांबद्दल आहे. आपली गाडी एका दिवसात तीन राज्यांत फिरते, त्यामुळं "आमच्याकडं चालतं" हे उत्तर चेकपोस्टवर उपयोगाचं नाही.

जांबोटी_जिम्नी
पटलं. जॅक आणि कॅन रद्द, कॅरिअरही नको. टेबल आत ठेवतो. पण २७ किलोचं चाक दारावर राहणारच. दार उचलावं लागतंय ते कसं तपासू?

उद्यमबाग_लेथ
दार वीतभर उघडा, हँडलच्या बाजूची खालची कड दोन्ही हातांनी वर-खाली करा. दुसऱ्या माणसानं बिजागरीवर बोट ठेवायचं. खडखड पिनमध्ये जाणवली तर पिन-बुश गेलेत, बदला. बिजागरी बॉडीवरच हलत असेल तर आधी बोल्ट बघा, मग आजूबाजूचा पत्रा.

पिन ठीक असेल तर चाक काढून दार बंद करून बघा. चाकाशिवाय सरळ बसतं आणि चाक लावलं की खाली येतं, तर वजनाचा झोल; दुसऱ्या जातीचं किट घाला. चाक काढूनही उचलावं लागतं, तर दारच खाली उतरलंय. तेव्हा स्ट्रायकरवर (दाराचं लॅच बॉडीवर जिथं अडकतं तो आकडा) खडू फासा, दार हळू बंद करा, खूण कुठं पुसली जाते ते बघा. बिजागरीचे बोल्ट सैल करून, खाली जॅक आणि फळी देऊन दार उचलायचं, मग आवळायचं. नुसता स्ट्रायकर खाली सरकवून वेळ मारून नेऊ नका. लॅच बसेल, पण रबर एका कोपऱ्यात दबणार नाही.

ते कळायला कागदाची पट्टी दारात धरून बंद करा आणि ओढा. चहूबाजूंनी सारखी अडकली पाहिजे. वरच्या कोपऱ्यात अलगद निघाली तर तिथूनच कच्च्या रस्त्यावरची तांबडी धूळ आत येते, आणि जूनपासून पाणी. दाराच्या बाजूचे रबरी ठोकळे चपटे झाले असतील तर तेही बदला, स्वस्त असतात.

आणि दाराच्या तळाला पाणी जायची भोकं असतात. कणकुंबीकडची तांबडी माती त्यांत सिमेंटासारखी बसते. तार घालून मोकळी करा, नाहीतर आत साठलेलं पाणी पत्रा आतून खातं.