मदत हवी आहे: महिला सभेत 'ख्रिस्तातली ओळख' यावर बोलायचंय

जय ख्रिस्त ताईंनो! पुढच्या रविवारी मंडळीच्या महिला सभेत बायबलमधल्या गलतीकरांस पत्र ३:२८ वर बोलायचं आहे (यहूदी-हेल्लेणी, दास-स्वतंत्र, पुरुष-स्त्री हा भेद नाही, ख्रिस्तात सगळे एकच, ते वचन). वचन सगळ्यांना पाठ आहे, अडतं ते रोजच्या गोष्टींत. एक नवी सून विचारते, टिकली लावू का, शेजारच्या हळदीकुंकवाला जाऊ का? आजेसासूबाईंचं एकच, नाही म्हणजे नाही. मला तर दोन्हीकडे विश्वासापेक्षा 'लोक काय म्हणतील' हेच जास्त दिसतं.

पंडिता रमाबाईंनी १८८३ मध्ये इंग्लंडात बाप्तिस्मा घेतला, पण शाकाहार सोडला नाही, की तिथल्या मठातल्या सिस्टरांचं सगळं मुकाट मानलं नाही. हेच उदाहरण घेईन म्हणते. त्यांची पत्रं मराठीत कुठे वाचायला मिळतील? आणि तुमच्याकडे टिकलीचा वाद कसा मिटला (मिटला असलाच तर!) तेही सांगा.