सल्ला हवा: पानगळीत क्लबबरोबर दिवसभराच्या राईड, सायकल आणि सामानाची तयारी

पहिला_गिअर
मंडळी, आतापर्यंत एकट्यानेच ४०-५० किमी चालवत आलोय. या मोसमात क्लबच्या रविवारच्या राईडला जायचं आहे. ८५ किमी, सरासरी ताशी २२ किमी, साधारण ९०० मीटर चढ, मध्ये एक थांबा. सायकल रोडची, रिम ब्रेक (चाकाच्या धातूच्या कडेला, म्हणजे रिमला, दाबणारे), २८ मिमीचे टायर, १० गिअरची कॅसेट (मागच्या चाकाच्या दातेरी चकत्या). वजन ७२ किलो.

क्लबच्या सूचनेत "मडगार्ड अपेक्षित" असं लिहिलंय. खरंच लागतात का? रस्ते ओले आणि पानांनी भरलेले असतात, तर टायर बदलू की नुसती हवा कमी करून भागेल? सकाळी ७ अंश आणि दुपारी १५, यात कपडे काय घालायचे? गटात चालवायची सवय अजिबात नाही, तेही सांगा.

मागचा_दिवा
"अपेक्षित" म्हणजे सक्तीचे, फक्त क्लब सभ्य भाषेत बोलतोय. ओल्या रस्त्यावर मागच्या चाकाचं पाणी तुमच्या पाठीवर थोडं आणि मागच्याच्या तोंडावर जास्त उडतं. सीटखाली अडकवायची आखूड पट्टी फक्त तुमची चड्डी कोरडी ठेवते. गटात तिचा उपयोग शून्य.

पूर्ण लांबीचे मडगार्ड लावा आणि मागच्याला खाली झडप जोडा. विकत नाही मिळाली तर जाड प्लॅस्टिकच्या डब्याची सपाट बाजू कापून घ्या. रुंदी मडगार्डपेक्षा बोटभर जास्त, दोन भोकं, एम५ चे (५ मिमी जाडीचे) दोन बोल्ट आणि दोन्ही बाजूंनी वॉशर. वॉशर विसरलात तर दोन राईडमध्ये प्लॅस्टिक भोकापाशी फाटतं. जमिनीपासून ८-१० सेंमी वर संपेल इतकी लांब ठेवा. त्याहून खाली नेली तर गतिरोधकावर घासून उलटी वळते.

आधी जागा मोजा. २८ चा टायर रुंद रिमवर ३० भरतो, आणि रिम ब्रेकच्या बऱ्याच सायकलींना २८ बरोबर मडगार्ड बसतच नाही. टायरमध्ये पूर्ण हवा भरा आणि टायर व ब्रेकच्या कमानीमध्ये ६ मिमीची अ‍ॅलन की सरकवून बघा. सहज गेली तर मडगार्ड बसेल. अडली तर २५ चे टायर आणि मडगार्ड, हाच मार्ग. रेटून बसवू नका. फट ४-५ मिमीपेक्षा कमी असली की ओलं पान आत अडकतं, त्यावर दुसरं चिकटतं आणि पाच किमीत आत लगदा होऊन चाक घासायला लागतं.

पुढच्या मडगार्डच्या तारा झटका बसल्यावर सुटणाऱ्या क्लिपच्याच हव्यात. काटकी अडकली आणि तारा सुटल्या नाहीत तर मडगार्ड गुंडाळून चाकात जातो, चाक जागीच थांबतं आणि माणूस हँडलवरून पुढे पडतो.

दिव्याबद्दल: मागचा दिवा स्थिर आणि मंद ठेवा. लुकलुकणारा दिवा तासभर डोळ्यांपुढे असला की मागच्याला रस्त्यावरचं अंतर कळेनासं होतं.

उलटा_वारा
दिव्याबाबत अर्धाच सहमत. दिवसा लुकलुकणारा दिवा गाडीवाल्यांना लांबून दिसतो, तो पूर्ण बंद का करायचा?

मागचा_दिवा
सगळ्यात शेवटी जो असतो त्याने लुकलुकता लावायचा, बाकीच्यांनी स्थिर. शेवटचा बदलला की दिवाही बदलायचा. एक बटण तर दाबायचं.

चेनतेल
टायर बदलायची गरज नाही. रोडच्या टायरवरच्या नक्षीने ओल्या डांबरावर काही फरक पडत नाही. सायकलचा टायर अरुंद, त्यात हवेचा दाब जास्त, त्यामुळे तो पाण्यावर तरंगत नाही, पाणी बाजूला सारतो. पकड मिळते ती रबराच्या जातीवर आणि दाबावर. ७२ किलोला २८ मिमीमध्ये कोरड्यात मागे ७२-७५, पुढे ६८-७० पीएसआय (हवेच्या दाबाचं माप). ओल्यात दोन्हीकडे पाचने कमी. ६० च्या खाली जाऊ नका. पानांखालचा खड्डा दिसत नाही, आणि कमी हवेत रिम आणि खड्ड्याची कड यांच्यात ट्यूब चिमटून दोन समांतर चिरा पडतात.

एक लक्षात ठेवा, ओल्या पानांच्या थरावर कुठलाच टायर धरत नाही. टायर पानाला धरतो, पण पान रस्त्याला धरत नाही. त्यामुळे ब्रेक वळणाच्या आधी, सायकल सरळ असताना. पानांवरून जाताना ब्रेक नाही, पेडलचा जोर नाही, हँडल वळवणं नाही.

रिम ब्रेकची ओल्यातली खोड अशी की चाकाचे पहिले एकदोन फेरे पॅड नुसतं पाणी पुसतात, पकड नंतर येते. उतार सुरू व्हायच्या आधी हलकेच दाबून रिम पुसून घ्या. दर ओल्या राईडनंतर चाक काढून पॅडचा पृष्ठभाग उजेडात धरा. त्यात चमचमणारे ठिपके दिसले तर ते ॲल्युमिनियमचे कण आणि खडी. सुईने उकरून काढा आणि वरून पॉलिश पेपर हलकाच फिरवा. तसेच ठेवलेत तर तेच रिम कोरतात. पॅडच्या खाचा १ मिमीपेक्षा उथळ झाल्या की पॅड बदला. एका मोसमात दोन जोड लागले तर नवल नाही.

चेन मोजा. स्टीलच्या पट्टीवर पिनच्या मध्यापासून पिनच्या मध्यापर्यंत १२ पूर्ण जोड, म्हणजे २४ कड्या, नव्या चेनमध्ये ३०४.८ मिमी भरतात. तुमच्या १० गिअरला ३०७ भरलं तर बदलायची वेळ झाली. ११-१२ गिअरवाल्यांनी ३०६.३ लाच बदलावी. उशीर केलात तर नवी चेन जुन्या कॅसेटवर घसरते आणि कॅसेटही घ्यावी लागते.

तेल ओल्या हवेचं, घट्ट. उन्हाळ्याचं पातळ तेल पावसात तासाभरात धुऊन जातं आणि चेन चिवचिवायला लागते. प्रत्येक रोलरवर एकच थेंब, पेडल दोन मिनिटं उलटं फिरवायचं, रात्रभर ठेवायचं आणि सकाळी फडक्याने चेन बाहेरून कोरडी पुसायची. हे शेवटचं कुणी करत नाही. तेलाचं काम कडीच्या आत असतं, बाहेर राहिलेलं तेल फक्त माती गोळा करतं.

ट्यूबलेस
ट्यूबलेसवाला (ट्यूब नसलेले टायर वापरणारा) कुणी वाचत असेल तर: आतलं सीलंट (भोक बुजवणारा द्रव) दोन ते सहा महिन्यांत सुकतं, म्हणजे उन्हाळ्यात भरलेलं आता बहुतेक रबराची साल झालेलं असणार. व्हॉल्व्हचा कोअर (आतला सुटा भाग) काढून ३०-४० मिली भरा. हुकलेस रिम (टायर धरून ठेवणारी आतली कड नसलेली) असेल तर कमाल ५ बार, म्हणजे ७२ पीएसआय. धागाकर्त्याने मात्र मोसमाच्या तोंडावर ट्यूबलेसच्या भानगडीत पडू नये.

संथ_चढ
वेळेबद्दल कुणीच बोललं नाही, म्हणून लिहितोय.

८५ किमी भागिले २२ म्हणजे ३ तास ५० मिनिटं, हा फक्त चाक फिरण्याचा वेळ. थांब्याचे ४० धरा. दहा जणांत एकदोन पंक्चर होतातच, त्याचे ३०. चढाच्या माथ्यावर आणि फाट्यांवर मागच्यांची वाट बघण्यात २०. एकूण साडेपाच तासांच्या आसपास. आता उलटं मोजा: सूर्यास्ताच्या दीड तास आधी परत पोचायचं धरून सुरुवातीची वेळ काढा. ५० अक्षांशाच्या आसपास विषुवदिनानंतरच्या महिन्यात सूर्यास्त तासभर अलीकडे येतो, आणि जिथे हिवाळ्यासाठी घड्याळं मागे घेतात तिथे आणखी एक तास एका रात्रीत जातो. सप्टेंबरमध्ये आरामात बसलेला मार्ग ऑक्टोबरअखेर त्याच वेळी निघून उजेडात बसत नाही.

फार लवकर निघणंही बरं नाही. सावलीतले रस्ते दहापर्यंत दवाने ओले असतात. तापमान ३ अंशांच्या खाली गेलं असेल तर पुलांवर आधी बर्फ धरतो, कारण त्यांना खालूनही वारा लागतो.

खरा धोका तिरप्या उन्हाचा. त्यासाठी आपल्या सावलीकडे बघायचं: सावली ज्या बाजूला पडते त्या बाजूचा गाडीवाला आंधळा. सावली पुढे लांब पडली असेल तर समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांत ऊन आहे, तुम्हाला तो स्वच्छ दिसतो पण त्याला तुम्ही दिसत नाही. सावली मागे पडली असेल तर मागून येणारा आंधळा, आणि हे जास्त वाईट, कारण तो तुम्हाला दिसतही नाही. अशा पट्ट्यात एकेरी रांग.

मार्ग ठरवणाऱ्याने जाताना समोरचा वारा आणि येताना पाठीचा घ्यावा. उलट केलं तर घामाने भिजलेली, दमलेली माणसं संध्याकाळच्या गार वाऱ्यात तोंड घालून येतात.

उलटा_वारा
कपडे. निघाल्यावर पहिली दहा मिनिटं थोडी थंडी वाजली पाहिजे. दारातच उबदार वाटलं तर पहिल्या चढावर आतून भिजाल, आणि पुढच्या उतारावर तोच घाम गोठवेल. १० अंशांत ताशी ३० ने वारा लागला तर अंगाला साडेसहा अंशांसारखं वाटतं. ५ अंशांत ४० च्या वेगाने उतरलात तर शून्याच्याही खाली.

७ ते १५ साठी: अंगाला चिकटणारा पातळ बनियन (सुती नको, सुती भिजला की दिवसभर ओला), अर्ध्या बाह्यांची जर्सी, वेगळ्या घालायच्या बाह्या, गुडघ्यांना वॉर्मर, फक्त पुढून वारा अडवणारं बिनबाह्यांचं जाकीट आणि पूर्ण बोटांचे पातळ हातमोजे. ऊन आलं की बाह्या मनगटापर्यंत खाली ओढायच्या, थांबावं लागत नाही. जाकीट घडी करून मागच्या खिशात. एक जाड जॅकेट आणणाऱ्यांचे हाल होतात: घातलं तर उकडतं, काढलं तर ठेवायचं कुठे?

जाकीट माथ्यावर घालायचं, उतार सुरू झाल्यावर नाही. हातमोज्यांचा दुसरा जोड प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवा. पहिला पंक्चर काढताना भिजतो.

गारव्यात तहान कमी लागते म्हणून लोक पाणी प्यायचंच विसरतात. तासाला अर्धा लिटर धरा आणि खाण्यातून ३०-६० ग्रॅम कर्बोदकं. मध्यम केळं म्हणजे साधारण २५.

सुटे_आरे
गटात चालवणं. पुढच्याच्या मागे चिकटून गेलात तर पाव ते तृतीयांश श्रम वाचतात, म्हणूनच सगळे चिकटून जातात. कोरड्यात पुढच्या चाकापासून अर्धा ते एक मीटर, ओल्यात दीड-दोन. नजर पुढच्याच्या चाकावर खिळवू नका, त्याच्या खांद्यावरून पुढे ठेवा. तुमचं पुढचं चाक पुढच्याच्या मागच्या चाकाच्या बाजूला कधीच नको. पुढचा जरा बाजूला सरकला तर तो सावरतो, पडता तुम्ही.

नवखे हमखास दोन चुका करतात. एक, उभं राहताना. सीटवरून उठताना पेडलचा जोर क्षणभर सुटतो आणि सायकल मागच्याच्या दिशेने फूटभर आल्यासारखी होते. उठायच्या आधी एक गिअर जड करा आणि पेडल खाली दाबतच उठा. दुसरी, पुढे खेचायची (सगळ्यांच्या पुढे राहून वारा अंगावर घ्यायची) पाळी आल्यावर वेग वाढवणं. २२ होता तर २२ च ठेवा, मीटर बघून. दोन-तीन मिनिटं खेचा, मागे बघा आणि बाजूला व्हा. शेजारच्यापेक्षा अर्धं चाक पुढे काढत राहणारा माणूस क्लबात कुणालाच आवडत नाही.

खड्डा हाताने दाखवायचा, पण ओल्या उतारावर हात ब्रेकवरच ठेवा आणि ओरडून सांगा. दमलात तर गटापासून सुटायच्या आधीच सांगा. दोनशे मीटर मागे पडल्यावर मारलेली हाक वाऱ्यात कुणाला ऐकू येत नाही.

पहिला_गिअर
खूपच उपयोगी. अ‍ॅलन की ब्रेकच्या कमानीत अडली, म्हणजे २५ चे टायर. हवा किती? आणि सोबत काय ठेवू?

चेनतेल
२५ ला मागे ८५, पुढे ८०, ओल्यात पाचने कमी.

सोबत दोन ट्यूब. या दिवसांत कुंपणं छाटतात आणि काटे रस्त्यावर येतात. पंक्चर झालं की आधी ट्यूबमध्ये हवा भरून भोक शोधा, व्हॉल्व्ह टायरवरच्या नावाशी जुळवा (टायर बसवतानाच नाव व्हॉल्व्हपाशी ठेवलेलं असेल तर), म्हणजे टायरमध्ये काटा कुठे ते कळतं. आतून बोट हळू फिरवा. बाहेरून मोडलेला काटा आतून जेमतेम मिलिमीटरभर टोचतो, तो काढल्याशिवाय नवी ट्यूब घातली तर तीही जाते. काटा निघत नसेल तर बाहेरून दाबून आत ढकला आणि चिमट्याने ओढा. टायर काढायच्या दोन पट्ट्या, छोटा पंप, तुटलेली चेन जोडायला १० गिअरचाच चेनजोड (११ चा अरुंद असतो, बसत नाही), अ‍ॅलन कीचा संच. १६ ग्रॅमचं गॅस सिलिंडर घेतलंत तर घरी येऊन ती हवा सोडा आणि पंपाने भरा. कार्बन डायऑक्साइड ट्यूबमधून लवकर झिरपतो, दुसऱ्या दिवशी टायर मऊ झालेला असतो.

पहिला_गिअर
शेवटचं. परतल्यावर लगेच धुणं जमलं नाही तर निदान काय करावं?

मागचा_दिवा
तीन गोष्टी. चेन फडक्यात धरून पेडल दहा वेळा उलटं फिरवा आणि वर थोडं तेल. रिमवरची काळी चिकट माती ओल्या कापडाने पुसा, सुकली की निघत नाही. मडगार्डच्या आतली पानं बोटांनी काढा. धुवायला घ्याल तेव्हा बादली आणि ब्रश वापरा, दाबाचं पाणी हब आणि पेडलच्या बेअरिंगवर मारू नका, आतलं ग्रीस निघून जातं.

चेनतेल
यात एक जोडा: जोराचा पाऊस लागला असेल तर सीटच्या नळीवर मार्करने उंचीची खूण करा, सीट उपसा आणि सायकल उलटी करून तासभर ठेवा. नळीच्या फटीतून पाणी आत उतरतं आणि खाली पेडलच्या बेअरिंगपाशी साठतं. परत बसवताना कार्बन नळीला ग्रीस नाही, कार्बनची पेस्ट लावा.