‘श्यामची आई’ : संस्कारांची कथा की कर्जाची?

प्रश्न – कोथरूडची वाचक

नमस्कार. आमच्या वाचनगटात गेल्या रविवारी ‘श्यामची आई’वर चर्चा झाली, तेव्हा असे लक्षात आले की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर साने गुरुजींचे पुस्तक नव्हतेच, होता तो आचार्य अत्र्यांचा १९५३ सालचा चित्रपट. एका ज्येष्ठ सदस्यांनी तर ठामपणे सांगितले की संस्कार हाच या कृतीचा विषय आहे आणि गरिबी ही केवळ पार्श्वभूमी. चर्चेसाठी पुस्तक पुन्हा वाचताना मला मात्र ते कर्जात बुडत जाणाऱ्या एका घराचे पुस्तक वाटले. असे वाचणे म्हणजे मूळ कृतीवर आपल्या मनातला विषय लादणे होईल का?

उत्तर १ – जुन्या पुस्तकांचा ग्राहक, अप्पा बळवंत चौक

मुळीच नाही. वाटल्यास नुसती अनुक्रमणिका काढून पाहावी. पुस्तकात बेचाळीस रात्री, म्हणजे प्रकरणे, आहेत. त्यांपैकी बत्तिसाव्या रात्रीचे शीर्षकच ‘कर्ज म्हणजे जिवंतपणीचा नरक’ असे आहे आणि तिथून ‘तेल आहे तर मीठ नाही’, ‘अब्रूचे धिंडवडे’ अशा पायऱ्या उतरत आपण आईच्या शेवटच्या आजारापाशी पोहोचतो. हा क्रम लेखकाने सहज लावलेला नाही. वसुलीला आलेला माणूस बायको विकण्याची भाषा करतो, तेव्हा घरातली आई बाहेर येऊन त्याला ज्या शब्दांत सुनावते, तो प्रसंग मला साऱ्या पुस्तकातला सर्वांत धगधगता वाटतो. परंतु शाळेतल्या कथाकथनात तो कोणी निवडल्याचे माझ्या ऐकिवात नाही. तिथे वर्णी लागते ती पोहायला घाबरून लपलेल्या श्यामची.

शिवाय संस्कार करणारी एकटी आईच आहे, हेही खरे नव्हे. ‘अळणी भाजी’मध्ये मीठ नसलेली भाजी निमूटपणे खाणारे वडील आहेत, आणि कर्जाचा डोंगर ज्यांच्या नावावर उभा राहिला तेही हेच वडील. गुरुजींनी त्यांना खलपुरुष केले नाही, यात पुस्तकाची खरी ताकद आहे, असे माझे मत आहे.

उत्तर २ – डेक्कनचा चित्रपटप्रेमी

मूळ मुद्दा मान्य, तरी चित्रपटावर सगळे खापर फोडू नये. साने गुरुजींचे निधन १९५० साली झाले, चित्रपट त्यानंतर तीन वर्षांनी आला आणि राष्ट्रपतींच्या सुवर्णपदकाचा पहिला मान त्याला मिळाला. त्यामुळे वनमालाबाईंनी पडद्यावर साकारलेली आई घरोघरी ठसली. अत्रे पुण्यात कॅम्पातल्या शाळेचे मुख्याध्यापक होते, म्हणून चित्रपटातल्या ‘छडी लागे छम छम’ या गाण्याचा वर्ग त्यांच्या हातून रंगला यात नवल ते काय! मूळ पुस्तकात इतके हसू क्वचितच सापडेल.

खरा फरक मला निवेदनात दिसतो. पुस्तकात आश्रमातला प्रौढ श्याम मित्रांना आणि गावकऱ्यांना आठवणी सांगतो आणि आपण आईला कुठे दुखावले, याची बोच त्याच्या प्रत्येक रात्रीला आहे. पडद्यावर लहान श्याम समोर वावरू लागला की प्रसंग आत्ता घडतो आहे असे वाटते. प्रेक्षक रडतो, पण त्या पश्चात्तापाशी त्याची गाठ पडत नाही. सुजय डहाके यांच्या २०२३ सालच्या कृष्णधवल चित्रपटाने मोठ्या वयाचे साने गुरुजीच पडद्यावर आणले, ते याच कारणाने असावे, असा माझा तर्क आहे. पुस्तक १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिले गेले, हे लक्षात ठेवले तर ती निवड अधिक पटते.

उत्तर ३ – शिक्षिका, सहकारनगर

कर्जाचे सूत्र मान्य करूनही सगळे त्यातच कोंबू नये, अशी विनंती. ‘देवाला सारी प्रिय’मध्ये आई श्यामला मोळीवाल्या महार म्हातारीला मदत करायला पाठवते आणि घरी आल्यावर आंघोळ करायलाही सांगते. आपण वर्गात पहिले वाक्य मोठ्याने वाचतो आणि दुसरे गाळून टाकतो. त्या आंघोळीचा अर्थ लावायचा तर ना कर्ज उपयोगी पडते, ना संस्कार.

कोथरूडची वाचक

सर्वांचे आभार. पुढच्या बैठकीत बत्तीस ते सदतीस या रात्री प्रत्यक्ष वाचून दाखवाव्यात असे ठरवते आहे. आंघोळीचा प्रश्न त्याआधी घेईन, कारण त्यावर त्या ज्येष्ठ सदस्यांचे मत मला ऐकायचेच आहे.