मदत हवी आहे: शब्द तोच, मग जात कशी बदलते?
नमस्कार मंडळी. लेक सातवीत आहे, तिला इंग्रजीतल्या शब्दांच्या जाती मी घरीच शिकवतेय. मराठी व्याकरणातही आठच जाती, त्यामुळे नावं तिला चटकन पाठ झाली. अडलंय ते ओळखताना.

‘अ फास्ट ट्रेन’मध्ये फास्ट हे विशेषण आणि ‘शी रन्स फास्ट’मध्ये तेच क्रियाविशेषण, असं सांगितलं तर म्हणाली, “आई, शब्द तर बदललाच नाही!” शब्द वाक्यात काय काम करतोय ते बघ, असं मी परोपरीने सांगितलं. पण शेवटी ‘ली’ आलं की क्रियाविशेषण, हा नियम तिने घट्ट धरलाय. काल ‘फ्रेंडली’ हे विशेषण निघालं आणि बिचारी रडकुंडीला आली.

शिवाय ‘धिस बुक’मधलं ‘धिस’ जुन्या व्याकरणात विशेषण, नव्यात डिटरमायनर (नामाआधी येऊन ते कोणतं किंवा किती हे दाखवणारा शब्द). तिला यातलं आधी काय सांगू?

कुणी शिकवत असेल तर कृपया सांगा, पाठांतराऐवजी काम ओळखायची सवय कशी लावता? एकच शब्द तीन-चार जातींत फिरतो असे शब्दही हवेत. मला ‘राउंड’ सापडलाय: नाम, विशेषण, क्रियापद, शब्दयोगी, सगळीकडे चालतो. असे आणखी कोणते?